पेनड्राइव्हमध्ये नक्की काय आहे? स्लाइड्सच्या फाइलींविषयी आमच्या ग्राहकांसाठी

"पीपीटी आहे, जरा प्रिंट काढून द्या." आमच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. पेनड्राइव्ह लावला की आत काहीही निघतं. कधी खरोखरची पीपीटी, कधी पीपीटीएक्स, कधी पीडीएफ, कधी मॅकबुकवाल्या पुतण्याने करून दिलेली आणि आमच्या विंडोजला न उघडणारी फाइल, तर कधी नुसता गूगलचा शॉर्टकट. झेरॉक्स कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढली तरी आपण तिला झेरॉक्सच म्हणतो, तसं स्लाइड्स कशातही केलेल्या असोत, आपल्यासाठी ती पीपीटीच. बोलायला काही हरकत नाही. पण हॉलमधल्या लॅपटॉपला हे चालत नाही, आणि ते कळतं तेव्हा पाहुणे समोर बसलेले असतात.

आम्ही प्रिंट, बाइंडिंग आणि प्रोजेक्टर भाड्याने देण्याचं काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंचे घोळ आमच्याकडेच येतात. कॉलेज रोडच्या विद्यार्थ्यांचे, सातपूर-अंबडच्या कारखानदारांचे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांचे. बहुतेक घोळ घरी दोन मिनिटांत मिटण्यासारखे असतात.

आधी शेपूट बघा

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी तीन-चार अक्षरं असतात, ती तिची जात सांगतात. विंडोज ती अक्षरं मुळात लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज ११ मध्ये हे 'व्ह्यू'च्या आत 'शो'खाली आहे. एवढं केलंत तर फोनवर आम्हाला नेमकं सांगता येईल.

शेपूट बदललं म्हणून फाइल बदलत नाही. पेरूच्या क्रेटवर द्राक्षांची चिठ्ठी लावली तर आत पेरूच राहणार. पीडीएफच्या नावापुढे पीपीटीएक्स लिहून आणणारे अधूनमधून भेटतात. फाइल बदलायची तर ती उघडून 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्स्पोर्ट'नेच बदलावी लागते.

पीपीटी आणि पीपीटीएक्स

पॉवरपॉइंट १९८७ साली आलं, तेही आधी ॲपलच्या मॅकिंटॉशवर, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हा त्याचं मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट छापायचं होतं. विंडोजवर ते १९९० मध्ये आलं. आज जी पीपीटी फाइल दिसते ती बहुधा पॉवरपॉइंट ९७ ते २००३ या आवृत्त्यांच्या पद्धतीची असते. ऑफिस २००७ पासून पीपीटीएक्स सुरू झालं. समोरच्याचं मशीन खरोखरच जुनाट नसेल तर पीपीटीमध्ये सेव्ह करू नका. कुणाची जुनी पीपीटी मिळालीच तर 'फाइल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' असं करून नवी करून घ्या.

पीपीटीएक्स ही मुळात एक झिप फाइल आहे, आणि हे ठाऊक असणं फार कामाचं आहे. एका शिक्षिकाताईंच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंचं कार्ड बिघडलं. मूळ फोटो गेले, फक्त स्लाइड्स उरल्या. त्या स्लाइडवरून स्क्रीनशॉट काढत बसल्या होत्या. आम्ही फाइलची एक कॉपी केली (कॉपीवरच करा, मूळ फाइलला हात लावू नका), शेवटचं पीपीटीएक्स पुसून तिथे झिप लिहिलं आणि डबल क्लिक केलं. आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'मीडिया', आणि त्यात स्लाइड्सवर लावलेले सगळे फोटो ओळीने. पॉवरपॉइंट सेव्ह करताना फोटो थोडे लहान करतं, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या मापाचे नव्हते, पण अल्बमला पुरले. वर पेरू-द्राक्षांचं सांगितलं त्याला हा अपवाद नाही बरं का, कारण आत मुळात झिपच होती.

पण ज्या दाराने आपण आत जातो, त्याच दाराने दुसराही जातो. अंबडचे एक वर्कशॉपवाले काका गिऱ्हाइकाला पाठवायच्या स्लाइड्स घेऊन आले. एक आलेख होता, एक्सेलमधून आणून 'एम्बेड वर्कबुक' करून चिकटवलेला. आम्ही रंग बदलायला त्यावर 'एडिट डेटा' केलं, तर अख्खं वर्कबुक उघडलं. कच्च्या मालाचे दर, मजुरी, आणि शेवटच्या रकान्यात नफा. स्लाइडवर दिसत होते फक्त चार खांब. काकांनी ती फाइल त्याआधी कुणाकुणाला मेल केली होती ते आम्ही विचारलं नाही. आलेख बाहेर पाठवायचा असेल तर तो चित्र म्हणून चिकटवा. कापलेल्या फोटोंचंही तसंच. क्रॉप केल्यावर फोटोचा उरलेला भाग दिसत नाही, पण फाइलमध्ये राहतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' निवडलं तरच तो जातो. स्लाइडखालच्या नोट्ससुद्धा फाइलसोबत जातात, तेव्हा "इथे साहेबांची स्तुती करायची" असं लिहून ठेवलं असेल तर आठवणीने पुसा.

मराठी अक्षरांचं काय होतं

तक्रारी येतात त्यातल्या सगळ्यात जास्त या. मुक्त विद्यापीठाचा असो की कुठल्याही कॉलेजचा, प्रबंध टायपिस्टकडून कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजीमध्ये टाइप करून घेतलेला असतो आणि त्यातलेच परिच्छेद उचलून स्लाइड्समध्ये टाकलेले असतात. घरी सगळं ठीक दिसतं. तोंडी परीक्षेच्या खोलीत तीच फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

हे व्हायरसमुळे होत नाही. अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी की-बोर्डची अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नाही तिथे मुखवटा नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं तर फाइलमध्ये खरंच 'क' असतो. तुमचा फॉन्ट समोर नसला तर मंगल, निर्मला यूआय असा जो असेल तो लागतो आणि वाचता तरी येतं. मात्र तेव्हाही अक्षरांची रुंदी बदलते, ओळ तुटते, आणि चौकटीत नीट बसलेला मजकूर खाली सांडतो.

यावर तीन उपाय. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' आहे, त्याने फॉन्ट फाइलच्या आतच भरला जातो. पण काही फॉन्ट बनवणाऱ्यांनी तशी परवानगीच दिलेली नसते, मग ही टिक करूनही उपयोग होत नाही. दुसरा, पीडीएफ करणं. तिसरा आणि खरा म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. आम्ही करून देतो, पण बदललेला मजकूर तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय नेऊ नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांत कन्व्हर्टर हमखास घसरतो, आणि तुमच्या विषयातला शब्द चुकला हे आम्हाला कळेलच असं नाही.

आमचीच एक चूक सांगतो. आमच्या एका कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच पण फुकट मिळणारं. घाईच्या दिवशी एका ग्राहकाची पीपीटीएक्स त्यात उघडून आम्ही थेट चाळीस संच छापले. सातव्या स्लाइडची शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली होती. ती ओळ म्हणजे नेमकी एकूण रक्कम! चाळीसही संच आमच्या खर्चाने पुन्हा काढले. तेव्हापासून पहिला संच ग्राहकाच्या हातात दिल्याशिवाय दुसरा निघत नाही. यात लिब्रेऑफिसला दोष नाही. त्याची स्वतःची फाइल ओडीपी. ती खुल्या मानकाची आहे, २००५ साली ओॲसिस आणि २००६ मध्ये आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थांनी मान्य केलेली, आणि पॉवरपॉइंटही ती उघडतं. पण एका घरात शिजलेलं दुसऱ्या घरच्या ताटात वाढताना थोडं सांडतंच. ॲनिमेशन बदलतं, ओळी सरकतात. ज्यात केलं त्यातच उघडणं बरं.

मॅकवाले, गूगलवाले, कॅनव्हावाले

मॅकच्या कीनोटची फाइल '.की' या शेपटाची. विंडोजचं पॉवरपॉइंट ती उघडत नाही. निघण्यापूर्वी कीनोटमध्येच 'एक्स्पोर्ट टू' करून पॉवरपॉइंट आणि पीडीएफ अशा दोन्ही काढून आणा. अगदीच अडलं तर ब्राउझरमधून आयक्लाउडवर उघडता येते, पण पासवर्ड आठवायला लागतो आणि तो ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.

गूगल स्लाइड्समध्ये फाइल अशी तुमच्याकडे नसतेच. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमधून जी कॉपी करून आणता ती नुसती पत्त्याची चिठ्ठी असते, काही किलोबाइटची. आमच्याकडे ती उघडली की परवानगी मागणारं पान येतं. 'फाइल', 'डाउनलोड' करून पीपीटीएक्स किंवा पीडीएफ घ्या. नेटवर भिस्त ठेवू नका, तळघरातल्या हॉलमध्ये फोनची रेंज मिळाली तरी नशीब. कॅनव्हातून पीपीटीएक्स निघते खरी, पण कॅनव्हाचे देखणे फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसतात, त्यामुळे उघडल्यावर सगळं वेगळंच दिसतं. तिथून पीडीएफच काढा.

पीडीएफ घेतल्याशिवाय निघू नका

आमचं मत विचाराल तर सगळ्या प्रकारांत बिनतक्रार हाच. ॲडोबीने १९९३ मध्ये आणला, २००८ पासून आयएसओचं मानक आहे. फॉन्ट सोबत घेऊन जातो, ओळी हलत नाहीत, मोबाइलवरही तसाच दिसतो. ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल आणि एल दाबलं की पूर्ण पडद्यावर येतो आणि बाणाच्या बटणाने पुढे सरकतो. हॉलमध्ये कुणाला फरकही कळत नाही.

फरक पडतो तो ॲनिमेशनला. एकाच जागी एकामागून एक येणारी तीन चित्रं असतील तर पीडीएफमध्ये ती एकावर एक रचलेली दिसतील, आणि व्हिडिओच्या जागी त्याचं गोठलेलं चित्र. अशा स्लाइड्सच्या तीन वेगळ्या स्लाइड्स करून मग पीडीएफ काढावी. आणि छापायची असेल तर गडद पार्श्वभूमी टाळा. काळ्या पानावर पांढरी अक्षरं पडद्यावर छान दिसतात, कागदावर नुसता टोनर खातात आणि हाताला लागतात.

थोडक्यात बाकीचे

पीपीएसएक्स उघडली की सरळ शो सुरू होतो. प्रमुख पाहुण्यांसमोर तुमचं डेस्कटॉप आणि त्यावरचे घरचे फोटो दिसू नयेत म्हणून बरी. ती कुलूपबंद असते असा समज आहे, तसं काही नाही. शेपूट पीपीटीएक्स केलं की ती आरामात बदलता येते. पीपीटीएममध्ये मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम असतात. अनोळखी माणसाकडून आली तर 'एनेबल कंटेंट' दाबू नका.

एमपी४ मात्र स्टॉलवाल्यांनी लक्षात ठेवावी. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात टीव्ही लावायचा तर त्या टीव्हीला पेनड्राइव्हवरची पीपीटीएक्स सहसा समजत नाही, व्हिडिओ समजतो. 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ', फुल एचडी पुरे. तिथे प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद आपोआप धरलेले असतात. मराठीतल्या चार ओळी उभ्या-उभ्या वाचायला ते कमी पडतात, ८ ते १० करा.

स्लाइडचं माप: पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल रुंद, म्हणजे १६:९ उघडते. जुन्या शाळा-सभागृहांतले प्रोजेक्टर ४:३ चे असतात. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्यात बिघाड काही नाही, फक्त अक्षर लहान दिसेल. आधी विचारून घ्या.

पाठवताना

जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. फाइल मोठी झाली असेल तर दोष बहुधा फोटोंचा, 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये १५० पीपीआय पडद्याला भरपूर झाले. छापायची असेल तर मात्र तसं करू नका, मूळ फाइलच द्या. व्हॉट्सॲपवर स्लाइड्सचे फोटो काढून पाठवणारे आहेत, त्यांना हात जोडून विनंती: फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि आमच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप किंवा मेल उघडलंत तर जाताना लॉगआउट करा. आम्ही आठवण करतोच, पण दुपारच्या गर्दीत राहून जातं.

येताना एकाच फोल्डरमध्ये मूळ फाइल, तिची पीडीएफ आणि वापरलेले व्हिडिओ सुटे आणा, आणि तेच सगळं स्वतःला मेलही करून ठेवा. कार्यक्रम सकाळचा असेल तर आदल्या दिवशी सायंकाळीच या. प्रोजेक्टर आमच्याकडून घेणाऱ्यांची फाइल आम्ही पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत लावून बघतो, त्याचे पैसे नाहीत. एचडीएमआय केबल आमची. मॅकचं अडॅप्टर तेवढं तुमचं आणा, आमच्याकडे एकच आहे आणि ते नेहमी कुणाकडे तरी गेलेलं असतं.