ऊतींमधील ऑक्सिजनचे निरीक्षण आणि अकाली जन्मलेल्या बाळांचा रक्तदाब

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या किंवा हातापायांच्या स्नायूंतल्या रक्तात किती ऑक्सिजन आहे, हे त्वचेवर चिकटवलेल्या सेन्सरने सतत मोजत राहायचे आणि आकडा घसरू लागला की रक्तदाब कोसळायची वाट न पाहता कारण शोधायचे, अशी ही पद्धत आहे. मोजणी निकट-अवरक्त प्रकाशाने होते. नवजात अतिदक्षता विभागात हे तंत्र ‘एनआयआरएस’ (निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी) या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

रक्तदाब घसरण्याचा धोका गर्भावस्थेचे 28 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांत सर्वाधिक, आणि तोही पहिल्या तीन दिवसांत. नाळ बंद झाली की वारेकडे सहज वाहणाऱ्या रक्ताची वाट संपते आणि अपक्व हृदयाला एकाएकी जास्त रोधाविरुद्ध काम करावे लागते. डक्टस आर्टेरिओसस ही गर्भावस्थेतली जोडवाहिनी उघडी राहिली तर शरीराच्या वाट्याचे रक्त फुप्फुसांकडे वळते. व्हेंटिलेटरचा दाब गरजेपेक्षा जास्त असला तर हृदयाकडे परतणारे रक्तच अडते. मेंदूच्या पोकळ्यांलगत असलेल्या जर्मिनल मॅट्रिक्समधल्या नाजूक केशवाहिन्या फुटून रक्तस्राव होतो, तोही बहुधा याच 72 तासांत.

पण ‘कमी’ रक्तदाब म्हणजे नेमका किती? बाळ जितक्या आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर जन्मले, तितके मिलिमीटर पारा हा सरासरी रक्तदाब किमान असावा, हा ठोकताळा जगभर वापरला जातो: 26 आठवड्यांच्या बाळाला 26. लक्षात ठेवायला सोपा, पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे. मुळात दाब हा प्रवाह आणि वाहिन्यांचा रोध या दोहोंवर ठरतो. वाहिन्या आवळल्या गेल्या तर प्रवाह घटूनही दाब शाबूत दिसतो. उलट दाब ठोकताळ्याखाली असूनही बाळ गुलाबी, लघवी व्यवस्थित आणि मेंदूला रक्त पुरेसे, असेही पुष्कळदा आढळते. अशा बाळाला केवळ आकड्यासाठी डोपामिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करावे का, यावर नवजात-तज्ज्ञांत एकमत नाही.

ऊतींचा ऑक्सिजन या वादात वेगळी साक्ष देतो. साधारण 700 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचा आणि हाडातून बराच आत जातो. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. सेन्सरच्या एका टोकाकडून सोडलेला प्रकाश ऊतींतून केळ्यासारखा वाकडा मार्ग घेत काही सेंटिमीटरवरच्या ग्राहकापर्यंत येतो आणि त्यावरून संपृक्ततेची, म्हणजे किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त आहे याची, टक्केवारी काढली जाते. अकाली जन्मलेल्या बाळाची कवटी पातळ असल्याने मोजणी सोपी जाते. जिवंत मेंदूतला ऑक्सिजन असा बाहेरून पाहता येतो, हे फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवले; 1980च्या दशकात नवजातांवर वापर सुरू झाला.

पल्स ऑक्सिमीटर फक्त धमनीतले रक्त पाहतो, म्हणजे पुरवठा. एनआयआरएसच्या आकड्यात मुख्य वाटा शिरेतल्या रक्ताचा, म्हणजे ऊतींनी वापरून उरलेल्या ऑक्सिजनचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ऊतींनी किती ऑक्सिजन उचलला ते कळते. धमनीत 92 टक्के आणि मेंदूत 69 टक्के असेल, तर मेंदूने पाव हिस्सा घेतला. हेच प्रमाण 0.25 वरून 0.40 कडे चढू लागले, तर पुरवठा गरजेला कमी पडतो आहे.

रक्तदाब घसरण्याची पूर्वसूचना मिळण्याची आशा आहे ती मेंदू आणि हातपाय एकाच वेळी मोजण्यातून. प्रवाह घटू लागला की शरीर आधी त्वचा आणि स्नायूंचा पुरवठा आखडते आणि मेंदू-हृदयाला झुकते माप देते. त्यामुळे पोटरीवरचा किंवा हातावरचा आकडा उतरतो, मेंदूचा टिकून असतो आणि रक्तदाब अजून ठीक दिसतो. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे याच कल्पनेवर एक यादृच्छिक चाचणी (बाळांची गटांत विभागणी निव्वळ योगायोगाने करणारी) झाली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. रक्तदाब कमी राहण्याचा काळ त्यात लक्षणीय घटला नाही. कल्पना शरीरशास्त्राला धरून आहे, पण उपयोग सिद्ध व्हायचा आहे.

आकडा घसरला की लगेच औषध द्यायचे नसते. आधी सेन्सर सरकला का ते पाहतात. मग व्हेंटिलेटर तपासतात: कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या वाहिन्या आकसतात, आणि व्हेंटिलेटरची मात्रा कमी करणे एवढाच उपाय पुरतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त, हृदयाचे आकुंचन दुबळे असेल तर डोब्युटामिनसारखे औषध, रक्ताचे आकारमान खरोखर घटले असेल तर सलाइन. हे ठरवायला हृदयाची सोनोग्राफी हाताशी असावी लागते.

गर्भावस्थेचे 28 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या 166 बाळांवरील युरोपीय ‘सेफबूस्क-2’ चाचणीत (2015) मेंदूचा आकडा 55 ते 85 टक्क्यांत ठेवायचे ठरले होते; त्या मर्यादांबाहेर जाण्याचे प्रमाण निम्म्याहून जास्त घटले. आशा वाढल्या. मात्र 17 देशांतील 1601 बाळांच्या ‘सेफबूस्क-3’ मध्ये (2023) मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा निरीक्षण केलेल्या गटात 35.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात 34.0 टक्के निघाली, म्हणजे फायदा दिसला नाही. तरीही यंत्र निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल, कारण चाचणीने तपासला तो सरसकट वापर. नेमक्या अडचणीत सापडलेल्या एखाद्या बाळाबाबत मिळणारी माहिती हा निराळा प्रश्न आहे.

मोजणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. नवजातांसाठीचा सेन्सर त्याच जागी मोठ्यांच्या सेन्सरपेक्षा साधारण 10 अंकांनी जास्त दाखवू शकतो, म्हणून एका यंत्राची मर्यादा दुसऱ्याला लावता येत नाही. केस, सूज आणि त्वचेखाली साकळलेले रक्त आकडा बिघडवतात. 24-25 आठवड्यांच्या बाळाची त्वचा चिकटपट्टीबरोबर सोलून निघू शकते. म्हणून बरेच विभाग सेन्सरखाली पातळ पारदर्शक पापुद्रा लावतात किंवा सेन्सर न चिकटवता मऊ पट्टीने बांधतात आणि ठरावीक तासांनी जागा बदलतात.

रक्तदाब आणि मेंदूचा ऑक्सिजन एकत्र वरखाली होत असतील, तर मेंदूची स्वतःचा रक्तपुरवठा स्थिर राखण्याची क्षमता खचली आहे असे मानले जाते. या दोन आलेखांच्या संबंधावरून प्रत्येक बाळाला सोसेल असा रक्तदाब वेगळा ठरवण्याचे प्रयत्न चालू आहेत, मात्र ते अद्याप प्रामुख्याने संशोधनापुरतेच आहेत.