परतीची तारीख नसलेला करार

श्रीलंकेतून भारतीय शांतिसेना परत आणायची की नाही, हा वाद १९८९ च्या उन्हाळ्यात चिघळला. मुळात तो २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केलेल्या करारातच होता. त्या करारात मुदतींची कमतरता नव्हती. ४८ तासांत युद्धबंदी, त्यानंतर ७२ तासांत तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, प्रांतिक निवडणूक १९८७ संपण्याआधी. परिशिष्टात म्हटलं होतं की गरज पडल्यास श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय सैन्याला बोलावू शकतील. बोलावलेलं सैन्य परत कधी जाणार आणि ते कोण ठरवणार, याचा मात्र करारात उल्लेख नव्हता. आमच्या मते पुढचं बरंचसं दुखणं याच त्रुटीतून आलं.

स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टेने थोडीफार शस्त्रं दिली, बाकीची दडवून ठेवली. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली आणि युद्धबंदीवर देखरेख करायला गेलेल्या सैन्याला उत्तरेतलं जाफना शहर लढून घ्यावं लागलं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकच वाचला, तोही कैदी म्हणून. उतरण्याची जागा लिट्टेला आधीच कळली होती आणि गोळीबारामुळे पुढची कुमक उतरू शकली नाही. २५ नोव्हेंबरला ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. त्याही अवस्थेत त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. एक डिव्हिजन घेऊन सुरू झालेली मोहीम पुढे चार डिव्हिजनपर्यंत वाढली.

जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले प्रेमदासा कराराच्या विरोधातच होते. दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली डाव्या पक्षाचं बंड भारतीय सैन्याच्या उपस्थितीवर पोसलं जात होतं, तर लिट्टेशी प्रेमदासांची बोलणी सुरू झाली होती. १ जूनला त्यांनी जाहीर केलं की २९ जुलैपर्यंत शांतिसेनेने जावं. बोलावणं राष्ट्राध्यक्षांचं, तेव्हा निरोपही राष्ट्राध्यक्षच देणार, ही त्यांची बाजू. दिल्लीचं म्हणणं असं की सैन्य दोन सरकारांमधल्या करारानुसार आलं आहे. प्रांतांना अधिकार आणि तमिळांना संरक्षण, ही कामं आणि माघार बरोबरीनेच व्हायला हवीत. दोन्ही युक्तिवादांना करारात आधार सापडत होता, म्हणूनच तोडगा निघेना. अखेर १८ सप्टेंबरला समझोता झाला: हल्ल्याच्या कारवाया थांबवायच्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत माघार पूर्ण करण्याचा प्रयत्न करायचा.

माघारीतली खरी अडचण जमिनीवर दिसली. शांतिसेना ठाणं सोडायची, की लिट्टे तिथे पोहोचायची. भारताच्या पाठबळावर उत्तर-पूर्व प्रांतात सत्तेवर आलेल्या ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेसाठी घाईघाईने तमिळ राष्ट्रीय सेना उभारली होती. तिच्यात जबरदस्तीने भरती केलेली पोरं होती. मागे सैन्य नसताना ती टिकणं शक्यच नव्हतं. ही पोरं मारली गेली किंवा पळाली, आणि त्यांचं उत्तरदायित्व कुणीच घेतलं नाही.

डिसेंबरमध्ये दिल्लीत सत्तांतर होऊन व्ही. पी. सिंह आले आणि माघारीवरचा उरलासुरला वाद मिटला. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. सुमारे १,२०० जवान गमावून परतलेल्या या सैन्याच्या स्वागताला मद्रास बंदरावर मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जूनमध्ये लिट्टे आणि श्रीलंकेचं सैन्य यांच्यात पुन्हा युद्ध सुरू झालं.