पत्रकारांचा पगार: 1955 चा कायदा आणि आजचं कॉन्ट्रॅक्ट

आमच्या इंदूरच्या रामबागेतले एक काका हिंदी पेपरच्या डेस्कवर होते, रात्री अडीचला शेवटचं एडिशन सोडून सायकलनी घरी यायचे. पगार बेताचाच, पण वेज बोर्डाचा, म्हणजे पगार ठरवायला सरकारनी नेमलेल्या मंडळाचा होता आणि रिटायर झाल्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं मिळालं. आज त्यांचा भाचा तसंच काम करतो, तर दर वर्षी नवीन कॉन्ट्रॅक्ट, आणि पुढच्या वर्षी ते होईल की नाही हे मार्चपर्यंत कळत नाही. हे असं कसं झालं ते जरा मागे जाऊन बघायला पाहिजे.

1952 मध्ये सरकारनी पहिला प्रेस कमिशन बसवला, अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपलेच मराठी. त्यांचा रिपोर्ट 1954 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी वर्किंग जर्नालिस्ट कायदा झाला. त्या काळाच्या मानानी कायदा खरंच भक्कम होता, चार आठवड्यांत 144 तासांपेक्षा जास्त काम नाही, काढायचं तर संपादकाला सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना तीन महिन्यांची नोटीस, ग्रॅच्युइटी तीन वर्षांच्या नोकरीनंतर. आज डेस्कवरच्या कुठल्याही पोराला हे सांगा, त्याला खरं वाटणार नाही.

पगार ठरवायला वेज बोर्ड होते. पहिला दिवटिया बोर्ड, त्याचा निर्णय मालकांनी कोर्टात नेला आणि 1958 मध्ये सुप्रीम कोर्टानी तो रद्दच केला, कारण पेपरांची पैसे द्यायची ताकद बोर्डानी बघितलीच नाही म्हणे. मग शिंदे, पालेकर, बछावत, मणिसाना, आणि शेवटचा मजिठिया. प्रत्येक वेळी तेच, बोर्ड बसायला उशीर, रिपोर्टला वर्षं, मग कोर्ट, आणि तोपर्यंत महागाई कुठच्या कुठे गेलेली.

मजिठियाचंच बघा ना, बोर्ड 2007 चा, नोटिफिकेशन नोव्हेंबर 2011 चं, सुप्रीम कोर्टाचा शिक्का फेब्रुवारी 2014 मध्ये, एरियर्स एका वर्षात चार हप्त्यांत द्यायचे असा आदेश. बोर्डाच्या शिफारशींत 20(ज) नावाचं एक कलम होतं, जुनाच पगार ठेवायचा असेल तर तीन आठवड्यांत लिहून द्या, आणि त्याच कलमाखाली किती तरी ठिकाणी लोकांच्या सह्या घेतल्या गेल्या. 2017 मध्ये कोर्टानी सांगितलं की ही सही दाखवून बोर्डापेक्षा कमी पगार देता येत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही बोर्ड लागू आहे. पण मालकांवर कोर्टाच्या अवमानाची कारवाई झाली नाही, ज्याला थकबाकी पाहिजे त्यानी लेबर खात्याकडे अर्ज करायचा. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं ऑफिस तर इंदूरलाच आहे, तरी नोकरीत असताना मालकाच्या विरोधात अर्ज कोण देणार? आमच्या ओळखीतल्या एकानी दिला, महिन्याभरात त्याची बदली दुसऱ्या राज्यात.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते स्ट्रिंगरचं, म्हणजे पगार नसलेल्या, बातमीमागे पैसे घेणाऱ्या गावच्या बातमीदाराचं. कायद्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य धंदा पत्रकारिता आहे तो, आता इंदूरजवळच्या देपालपूर किंवा सांवेरचा माणूस बातमीमागे मिळणाऱ्या पैशात घर चालवू शकत नाही म्हणून दुकान टाकतो, आणि दुकान आहे म्हणून कायद्यात तो पत्रकार राहत नाही. वर जाहिराती आणायचं कामही त्याच्याच डोक्यावर, मग ज्या सरपंचाकडून जाहिरात घेतली त्याच्याविरुद्ध तो बातमी कशी लिहील?

2020 मध्ये नवीन लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे कायदे, पास झाले, 1955 चा कायदा त्यात विलीन केला आणि टीव्ही, डिजिटलवाले व्याख्येत आले, हे चांगलं झालं, ते आधी धरलेच नव्हते. पण वेज बोर्ड बसवायची कलमं त्या जुन्या कायद्यातच होती. भाच्याच्या यंदाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पगाराचा आकडा आहे, कामाच्या तासांचा रकाना कोरा आहे.