एका फेरीत एकच जखमी

एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात, जपानी फौजांच्या पिछाडीला, अमेरिकी वायुदलाचे एक छोटे विमान कोसळले. वैमानिकाखेरीज त्यात तीन ब्रिटिश सैनिक होते आणि ते आजारी व जखमी असल्यामुळेच त्यांना माघारी आणले जात होते. चौघेही वाचले खरे, पण आसपास शत्रूची गस्त होती आणि लहान विमान उतरू शकेल असा नदीकाठचा वाळूचा पट्टा त्यांच्यापासून दूर होता. तेव्हा आसाममधील लालाघाटच्या तळावरून लेफ्टनंट कार्टर हार्मन यांना बोलावणे गेले. त्यांच्याजवळ सिकॉर्स्की कंपनीचे वायआर-४ हे हेलिकॉप्टर होते. हेलिकॉप्टर ही चीज तेव्हा इतकी नवी होती की बहुतेक सैनिकांनी ती पाहिलेलीही नव्हती.

त्या यंत्रात दोनच माणसे बसत: वैमानिक आणि आणखी एक. इंजिन दोनशे अश्वशक्तीच्या आतबाहेरचे, म्हणजे आजच्या एखाद्या दणकट मोटारीइतके. हार्मन यांनी २५ आणि २६ एप्रिल या दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीत एकाला उचलायचे, वाळूच्या पट्ट्यावर थांबलेल्या विमानाच्या हवाली करायचे आणि पुन्हा जंगलाकडे वळायचे, असा तो क्रम होता. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्यावर इंजिन असे तापले की उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. लढाईच्या धामधुमीत हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

एका वेळी एकच माणूस का, याचे उत्तर आसनांच्या संख्येपेक्षा हवेत अधिक आहे. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून यंत्र वर उचलले जाते. ढकलायला हवाच कमी असेल तर तेवढ्याच वजनासाठी ती अधिक वेगाने ढकलावी लागते आणि त्यासाठी इंजिनाला जास्त शक्ती लागते. तापमान १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले की हवेची घनता सहा-सात टक्क्यांनी घटते. त्यात दमटपणाची भर पडते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका असल्यामुळे दमट हवा कोरड्या हवेहून विरळ असते, जरी आपल्या अंगाला ती जड वाटत असली तरी. याच विरळ हवेतून इंजिनालाही प्राणवायू कमी मिळतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच ताकद आटते. पुढे वेग घेतलेल्या हेलिकॉप्टरला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळत असल्याने थोडा दिलासा मिळतो. एका जागी तरंगणे मात्र त्याला फार महागात पडते. सुटकेच्या कामात नेमके तेच करावे लागते, आणि तेही बंदुकांच्या टप्प्यात.

व्हिएतनाममध्ये यंत्रे मोठी झाली होती. तेथील जखमींना उचलणाऱ्या अमेरिकी पथकांना ‘डस्टऑफ’ म्हणत. वैमानिक, सहवैमानिक, वैद्यकीय सहायक आणि यंत्राची देखभाल करणारा असे चौघे हुई जातीच्या हेलिकॉप्टरमधून जात. सुमारे चार टनांचे हे यंत्र हवेत तरंगत ठेवायचे तर दर सेकंदाला जवळपास दोन टन हवा खाली ढकलावी लागते. मेजर पॅट्रिक ब्रॅडी यांनी ६ जानेवारी १९६८ रोजी चू लाईजवळ हाच झोत कामाला लावला. दरीत दाट धुके आणि धूर होता, समोरच्या काचेतून काही दिसत नव्हते. त्यांनी हेलिकॉप्टर आडवे वळवले आणि पात्यांच्या वाऱ्याने धुके बाजूला सारत, पायवाटेच्या मागाने सावकाश पुढे सरकत ते जखमींपर्यंत पोहोचले. दिवसभरात तीन हेलिकॉप्टरे बदलून त्यांनी ५१ गंभीर जखमींना बाहेर काढले. त्यात एकदा यंत्राजवळच सुरुंग फुटून पथकातले दोघे घायाळ झाले. शौर्यपदकांच्या मानपत्रांत बहुधा गोळ्यांचे वर्णन असते. ब्रॅडी यांच्या मानपत्रात मात्र पात्यांच्या वाऱ्याचाही उल्लेख आहे, हे मला विशेष वाटते.

आपल्याकडे या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा सियाचीनमध्ये होते. सहा हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच अधिक असते. तेथे उडणाऱ्या ‘चीता’ हेलिकॉप्टरचे इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचे, परंतु ते ५५० पर्यंतच वापरायचे असे ठरवलेले आहे. राखून ठेवलेली ती ताकद विरळ हवेत उपयोगी पडते. १९९९ च्या कारगिल युद्धातही जखमींना खाली आणण्याचे काम चीतांकडे होते आणि ते करणाऱ्या वैमानिकांत फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन या दोघी होत्या.

सियाचीनवर गोळीपेक्षा उंचीच अधिक माणसे आजारी पाडते. प्राणवायूच्या अभावाने फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, त्यांतून द्रव पाझरून फुप्फुसे भरू लागतात आणि जवान झोपल्या जागी धापा टाकू लागतो. त्यावर मुख्य उपचार एकच: त्याला लवकरात लवकर खाली नेणे. म्हणून वैमानिक निघण्यापूर्वी इंधनाचा लिटर-लिटर मोजतात, वर बर्फावर टेकल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते, आणि पाती फिरत असतानाच रुग्णाला आत घेतात. तळाकडे उतरताना दर मिनिटाला हवा दाट होत जाते, आणि मागे टेकलेल्या जवानाचा श्वास वाटेतच थोडा मोकळा होऊ लागतो.