टेन्युअर : प्राध्यापकांची कायम नेमणूक

सुरुवातीचा परीक्षेचा काळ (प्रोबेशन) पार पडला की सबळ कारण दाखवल्याशिवाय आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय प्राध्यापकाला काढता येत नाही, अशा नेमणुकीला टेन्युअर म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘सर परमनंट झाले’ म्हणतात ते साधारण हेच, फक्त अमेरिकेत पगाराच्या हमीबरोबर मत मांडायच्या मोकळिकीचाही मुद्दा त्यात येतो.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण थेट पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला फ्रेडरिक याच्या फर्मानापर्यंत जातात (ते ११५५ चं की ११५८ चं हाही वादच), पण त्यात विद्येसाठी परमुलखात फिरणाऱ्यांना संरक्षण होतं, नोकरीशी संबंध ओढूनताणून लावावा लागतो. त्यापेक्षा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं प्रकरण जवळचं वाटतं. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना १९०० मध्ये जावं लागलं कारण विद्यापीठाच्या सहसंस्थापक जेन स्टॅनफर्डबाईंना त्यांची भाषणं खपेनात, आता नेमकं काय खटकलं, चांदीच्या चलनाची बाजू घेणं की आशियाई मजुरांविरुद्धचं बोलणं, यावर अभ्यासक वेगवेगळं सांगतात (रॉस यांची मजुरांबद्दलची मतं आज वाचवत नाहीत, ते सोडा). निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्यांत तिथलेच प्राध्यापक आर्थर लव्हजॉय होते, त्यांनी आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी पुढे १९१५ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांची संघटना उभी केली. तिच्या १९४० च्या निवेदनात परीक्षेचा काळ जास्तीत जास्त ७ वर्षं धरलाय.

आपल्याकडचं मूळ म्हणून डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे (१८८४) आजीव सदस्य दाखवले जातात. २० वर्षं सेवेची शपथ, महिना ७५ रुपयांच्या आसपास पगार. टिळक, गोखले, कर्वे, तिघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, तिघेही यात होते, आणि सदस्यांनी बाहेरची कामं नि कमाई करावी का यावरून वाद पेटून टिळक १८९० मध्ये बाहेरही पडले. पण याला टेन्युअर म्हणणं जरा जास्तच होतं, कारण इथे शिक्षकच संस्थेला बांधून घेत होता. एक मात्र खरं, कारभारही आजीव सदस्यांच्याच हातात होता, म्हणजे डोक्यावर वेगळा मालक नव्हता.

टेन्युअरविरुद्धचा नेहमीचा आक्षेप : माणूस कायम झाला की त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्सवर रिटायर होतो. ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने नव्या नेमणुकांचं हे संरक्षण काढून टाकलं, अमेरिकेत विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये टेन्युअर राज्याच्या कायद्यातून वगळलं.

कोकणात वादाचा रोख वेगळा आहे. कायम झालेल्याला काढायचं कसं हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कायम जागा निघणार कधी हा विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत प्रोबेशन १ वर्ष, फार तर आणखी १, आणि कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच, असं आहे. प्रत्यक्षात मुंबई विद्यापीठाशी संलग्न इथल्या कॉलेजांत नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले कितीतरी जण सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासाच्या हिशोबाने शिकवतात. जुलैत रेड अलर्ट आला, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की परमनंट सरांना सुट्टी लागते, सीएचबीवाल्या सरांचा तास बुडतो नि तासाबरोबर पैसेही. मुलं कमी झाली की वर्कलोड घसरतो आणि पुढच्या वर्षीची ऑर्डरच येत नाही, अशा माणसाने संस्थाचालकांसमोर मत मांडायचं ते कुठल्या जोरावर? त्यामुळे मोकळिकीवरचा वाद आधी रिकाम्या जागांपासून सुरू व्हायला हवा म्हणणाऱ्यांचं पारडं इथे जड वाटतं. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या यूजीसीच्या मसुद्यात ती १० टक्क्यांची मर्यादाच नव्हती, त्यावर शिक्षक संघटनांनी विरोध नोंदवला.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला (१९७२) हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही, तिथला कारभार १९८३ च्या कृषी विद्यापीठ कायद्याखाली चालतो.