वेष्टनावरच्या शिक्क्यामागची सव्वाशे वर्षं

१९०१ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरचा कोकोचा एक मळा विकायला निघाला. त्याच्या मालमत्तेची यादी इंग्लंडमध्ये कॅडबरी कंपनीच्या हाती पडली. यादीत इतर गोष्टींसोबत एक नोंद होती: काळे मजूर २००, किंमत ३,५५५ पौंड. पोर्तुगालने आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने मोडीत काढल्याला तेव्हा पंचवीसएक वर्षं उलटून गेली होती.

चॉकलेट घेताना ते कोणाच्या घामातून आलंय हे बघावं, हा विचार आजच्या जागरूक ग्राहकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो एवढा जुना आहे. आणि या सव्वाशे वर्षांत दर वेळी एकच गोष्ट घडलेली दिसते. ओरड झाली की माल घेण्याची जागा बदलते, करार होतात, शिक्के येतात. शेतकऱ्याच्या हातात किती पडणार हे मात्र दुसराच कोणी ठरवत राहतो.

साओ टोमेवरचे मजूर कागदोपत्री गुलाम नव्हते. अंगोलाच्या आतल्या भागातून माणसं विकत घ्यायची, साखळदंडांत किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची आणि तिथे सरकारी अधिकाऱ्यासमोर पाच वर्षांच्या करारावर ‘राजीखुशीने’ उभं करायचं, अशी ही वेठबिगारी होती. करार संपला की परस्पर वाढायचा. परत गेलेला माणूस जवळपास कोणाच्या पाहण्यात नव्हता. हेन्री नेव्हिन्सन हा पत्रकार १९०४-०५ मध्ये या वाटेने स्वतः फिरला आणि त्याने जे पाहिलं ते मासिकातून लिहिलं, पुढे त्याचं पुस्तकही निघालं.

यातली बोच अशी की हा कोको घेणारे कारखानदार सर्वसाधारण नफेखोर नव्हते. कॅडबरी, फ्राय, राऊनट्री ही तिन्ही घराणी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, दारूबंदीची कैवारी, गुलामगिरीच्या विरोधात उभं राहण्याची परंपरा सांगणारी. दारूला पर्याय म्हणून कोको प्यावा, असा प्रचारच त्या काळी होत असे. आणि कॅडबरीच्या कोकोचा निम्म्याच्या आसपास भाग साओ टोमेवरून येत होता. कंपनीने चौकशी केली, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली, जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला तिकडे पाठवलं. त्याआधी त्याला पोर्तुगीज शिकायला लावलं. बर्टचा अहवाल नेव्हिन्सनच्या सांगण्याला दुजोरा देणाराच निघाला. हे सगळं होईपर्यंत आठ वर्षं गेली आणि खरेदी चालूच राहिली.

१९०८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने या ढोंगावर बोट ठेवलं तेव्हा कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ज्युरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. दावा खरा, पण अब्रूची किंमत एवढीच, असं इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितलं असेल. त्याच वर्षी मार्चमध्ये तिन्ही इंग्रज कंपन्यांनी साओ टोमेच्या कोकोवर बहिष्कार टाकला होता. बेटावरचा माल काही पडून राहिला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांनी तो उचलला.

बहिष्कारानंतर इंग्रज कंपन्या वळल्या गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे. तेट्टे क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया तिकडे आणल्याचं सांगतात. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला होता, तोही गोऱ्यांच्या मळ्यांवर नव्हे, तर आफ्रिकी शेतकऱ्यांच्या लहान लहान बागांमध्ये. नैतिक पेच सुटला असंच वाटावं. मुकादम नाही, करार नाही, साखळदंड नाहीत.

पण भाव होता. १९३७ मध्ये गोल्ड कोस्टवर खरेदी करणाऱ्या डझनभर युरोपीय कंपन्यांनी आपसात गुपचूप ठरवलं की चढाओढ करायची नाही, कोण किती माल घेणार ते आधीच वाटून घ्यायचं. त्यात युनिलिव्हरच्या घरातली युनायटेड आफ्रिका कंपनी होती आणि कॅडबरीही होती. शेतकऱ्यांनी माल अडवला. त्या हंगामात कित्येक महिने कोको विकलाच नाही, काहींनी तो जाळला, युरोपीय दुकानांतून खरेदीही थांबवली. १९३८ मध्ये ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि कंपन्यांचा करार बाजूला पडला. या विषयावरच्या लेखनात १९०९ चा बहिष्कार हमखास येतो, १९३७ ची ही अडवणूक फारशी येत नाही. माझ्या मते दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे. पहिलीत ग्राहक आणि कारखानदार यांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली होती, दुसरीत शेतकरी स्वतः बोलत होता.

युद्धानंतर आलेल्या सरकारी मंडळांचं मूळ काही अंशी याच भांडणात आहे. घानात १९४७ पासून कोको मंडळ ठरलेल्या दराने खरेदी करू लागलं, शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्येही भाव स्थिर ठेवणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली. हमीभाव मिळाला, पण जागतिक भाव चढला की मधला फरक सरकारी तिजोरीत जायचा. आयव्हरी कोस्टचे पहिले अध्यक्ष फेलिक्स उफ्वे-ब्वान्यी स्वतः कोकोचे बागायतदार. जो कसेल त्याची जमीन, हे त्यांचं धोरण. बुर्किना फासो आणि मालीमधून माणसं येत गेली, जंगलं तुटत गेली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा देश उत्पादनात पहिला झाला. १९६० पासून आजवर तिथलं ८० टक्क्यांहून अधिक जंगल गेलं आहे.

१९७७ मध्ये कोकोचा भाव टनाला ५००० डॉलरच्या वर गेला होता. तो जो घसरत गेला तो घसरतच राहिला. १९८७ मध्ये उफ्वे-ब्वान्यींनी विक्री रोखून भाव चढवायचा प्रयत्न केला, तो फसला. १९८९ मध्ये शेतकऱ्याचा दर किलोला ४०० सीएफए फ्रँकवरून (हे तिथलं चलन) २०० वर आला. वर्षभरातच निम्मा. १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या दबावाखाली भाव सांभाळणारी यंत्रणाच गुंडाळली गेली. पुढच्या वर्षी जगाच्या बाजारात कोको टनाला १००० डॉलरच्याही खाली गेला. त्याच सुमारास कोकोच्या बागांमधल्या मुलांच्या बातम्या जगभर झळकू लागल्या, हा योगायोग नाही.

बागेतलं काम कसं असतं हे थोडं बघितलं की हे लक्षात येतं. कोकोची फळं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला लागतात आणि एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे यंत्राने तोडणी होत नाही. पुढच्या फुलोऱ्याची जागा दुखावणार नाही अशा बेताने प्रत्येक फळ कोयत्याने उतरवायचं, मग ढीग घालून एकेक फोडायचं. आतल्या तीस-चाळीस बिया पांढऱ्या गरासकट हाताने काढायच्या, केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या आणि मग आठवडाभर उन्हात पसरून सतत वरखाली करायच्या. चॉकलेटची चव इथेच तयार होते. कारखाना पुढचं काम करतो. एक किलो सुक्या बियांसाठी वीस-पंचवीस फळं लागतात. एवढ्या मेहनतीला मजूर लावावा तर मजुरी परवडत नाही. मग घरातलीच मुलं कोयता धरतात, ओझी वाहतात, फवारणीच्या वेळी जवळ असतात. विकून आणलेली, डांबून ठेवलेली मुलंही आहेत आणि बातम्या त्यांच्याच होतात. पण बहुसंख्य मुलं स्वतःच्याच कुटुंबाच्या बागेत राबणारी आहेत, म्हणून हा प्रश्न नुसत्या पोलिसी कारवाईने सुटत नाही.

जून २००१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एलियट एंगल यांनी एक दुरुस्ती मांडली. चॉकलेटवर ‘गुलामीमुक्त’ असा शिक्का देता येईल अशी पद्धत सरकारी यंत्रणेने बसवावी, त्यासाठी अडीच लाख डॉलर द्यावेत, एवढीच ती मागणी. २९१ विरुद्ध ११५ मतांनी ती मंजूर झाली. सेनेटमध्ये जाण्याआधी चॉकलेट उद्योगाने जोर लावला आणि सप्टेंबरमध्ये कायद्याऐवजी एक ऐच्छिक करार जन्माला आला, तो सेनेटर हार्किन आणि एंगल यांच्या नावाचा हार्किन-एंगल करार. बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवण्याच्या दिशेने पावलं टाकू, असं कंपन्यांनी कबूल केलं. मुदत २००८ झाली, मग २०१०, मग २०२०. आणि तोवर उद्दिष्टही ‘७० टक्के घट’ इतकं उतरलं होतं. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने अमेरिकी सरकारसाठी केलेली पाहणी बाहेर आली. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून कोकोच्या कामात बालमजुरी करणारी मुलं १५.६ लाख. दहा वर्षांत प्रमाण घटलं नव्हतं, वाढलं होतं. बागांमध्ये डांबलं गेल्याचं सांगणाऱ्या मालीच्या सहा जणांनी नेस्ले आणि कारगिलवर भरलेला दावाही जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. संबंधित कृत्यं अमेरिकेच्या भूमीवर पुरेशी घडलेली नाहीत, हे कारण.

कायद्याने सोडलेली जागा शिक्क्यांनी भरली. त्यांची सुरुवात कॉफीपासून झाली, नेदरलँड्समध्ये १९८८ साली. ब्रिटनमध्ये फेअरट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याचा, शिक्का मिळालेली पहिली वस्तू १९९४ मधली, बेलीझच्या कोकोपासून केलेली ग्रीन अँड ब्लॅक्सची वडी. घानातल्या शेतकऱ्यांनी १९९३ मध्ये कुआपा कोकू ही सहकारी संस्था काढली. गावाने निवडलेला माणूसच वजन करणार, म्हणजे काटा मारण्याचा प्रश्न नाही, इथून तिचं काम सुरू होतं. १९९८ मध्ये डिव्हाइन ही चॉकलेट कंपनी निघाली तेव्हा या संस्थेला तिच्यात भागीदारी मिळाली. शेतकरी चॉकलेटचा मालक, हे दुर्मीळच. पुढे तो वाटा कमी झाला ही गोष्ट निराळी.

मग मोठ्या कंपन्या आल्या. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या कॅडबरीच्या डेअरी मिल्कवर फेअरट्रेडचा शिक्का आला. २०१६ मध्ये ती वाट सोडून कंपनी स्वतःच्या ‘कोको लाइफ’ योजनेकडे वळली. २०१० मध्ये किटकॅटने फेअरट्रेड स्वीकारलं, २०२० मध्ये ते सोडून रेनफॉरेस्ट अलायन्स हा दुसरा शिक्का धरला. ग्राहकाला सगळे शिक्के सारखेच वाटतात. तसं नाही. फेअरट्रेडमध्ये किमान भाव ठरलेला असतो आणि त्यावर शेतकऱ्यांच्या संस्थेला टनामागे प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, मिळतो, २०१९ पासून तो २४० डॉलर आहे. रेनफॉरेस्ट अलायन्समध्ये किमान भाव नाही, जादा रक्कम टनाला किमान ७० डॉलर. त्यांचा भर जंगल आणि शेतीच्या पद्धतींवर अधिक.

शिक्का असला तरी हातातल्या वडीतला कोको त्याच बागेतला असेल असंही नाही. गिरणीत बहुतेक वेळा सगळ्या बिया एकत्र दळल्या जातात. कंपनीने शंभर टन प्रमाणित कोको घेतला, की तेवढ्या कोकोच्या मालावर तिला शिक्का लावता येतो. प्रत्यक्ष दाणे कुठल्या वडीत गेले ते पाहिलं जात नाही. शेतकऱ्याला पैसे मिळतात, त्यामुळे ही पद्धत म्हणजे फसवणूक म्हणता येत नाही. पण ग्राहक जे समजून चालतो ते हे नव्हे, आणि वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असलं तरी वाचतं कोण?

डच पत्रकार टॉन व्हॅन द कोइकन याने या सगळ्यावर निराळाच उपाय केला. चॉकलेट खाऊन आपण गुन्ह्यात सामील झालो आहोत, आपल्यावर खटला चालवा, अशी मागणी त्याने केली. खटला उभा राहिला नाही, पण २००५ मध्ये त्यातून टोनीज चोकोलोन्ली ही कंपनी निघाली. या धंद्यातली विषम वाटणी दाखवायला तिच्या वडीचे तुकडे मुद्दाम असमान असतात. शेतकऱ्याला सरकारी दरावर किती जादा दिलं, हे ती जाहीर करते. तरी २०२१ मध्ये एका गुलामीविरोधी गटाने तिचं नाव आपल्या यादीतून काढलं, कारण तिचं चॉकलेट बॅरी कॅलबो या बड्या कंपनीच्या कारखान्यात बनतं. मला तो निर्णय जरा सोवळेपणाचा वाटतो. कोको वेगळा ठेवून बड्या कारखान्यात दळता येतो हे दाखवणं, हाच तर तिचा दावा होता.

घाना आणि आयव्हरी कोस्टने २०१९ मध्ये एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जादा आकारायचं ठरवलं. २०२३ मध्ये युरोपीय संघाने कायदा केला: २०२० अखेरनंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको युरोपात येणार नाही. त्याची अंमलबजावणी लांबत राहिली. दरम्यान खराब हवामान आणि रोगांमुळे पीक बसलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरच्या पुढे गेला. आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला तेव्हा मिळत होते किलोला १,८०० सीएफए फ्रँक, सुमारे ३ डॉलर. म्हणजे जागतिक भावाचा जेमतेम चौथा हिस्सा. पीक आधीच, जुन्या भावाने विकलं गेलेलं होतं. साहजिकच पोती रात्री सीमेपलीकडे गिनी आणि लायबेरियात जाऊ लागली.

त्यामुळे वडी उचलताना शिक्का आहे का, यापेक्षा थोडं पुढे जाऊन तीन गोष्टी बघाव्यात. कंपनी सहकारी संस्थेचं किंवा निदान प्रदेशाचं नाव सांगते का. बागेवर दिलेला भाव आकड्यात जाहीर करते का, की नुसतं ‘शाश्वत’ म्हणते. आणि चॉकलेट बनतं कुठे: ग्रेनाडा चॉकलेट कंपनीने १९९९ पासून कोको पिकतो त्याच बेटावर सौर ऊर्जेवर वड्या केल्या, आता घानातही अशा छोट्या कंपन्या आहेत. मोठ्या कंपन्यांच्या मालाबाबत यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही.