पॅलेटवरच्या शिक्क्यामागचा इतिहास

न्हावा शेवाहून परदेशी निघालेल्या मालाखालचं लाकडी पॅलेट नीट पाहिलं, तर त्याच्या ठोकळ्यावर एक चौकट उमटवलेली दिसते. एका बाजूला ओंबीचं चिन्ह आणि आयपीपीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराची अक्षरं. दुसऱ्या बाजूला भारताचा ‘आयएन’ हा संकेत, लाकडातली कीड मारण्याची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी त्या प्रक्रियेची खूण, एचटी (उष्णता) किंवा एमबी (विषारी वायूची धुरी). हा शिक्का नसेल तर आतला माल कितीही चोख असो, समोरच्या बंदरात तो अडतो. लाकूड जाळायला लावतात, नाहीतर कंटेनर आल्या वाटेने परत येतो. पुष्कळ निर्यातदारांना ही कागदी कटकट वाटते. पण या नियमाची जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या देशाने झाडं गमावल्यानंतर लिहिली गेली आहे.

ऑगस्ट 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ग्रीनपॉइंट वस्तीतल्या रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांना भोकं पडलेली दिसू लागली. गोल, स्वच्छ, जवळपास सेंटिमीटरभर रुंदीची. कुणी खोडसाळपणे ड्रिल मशिन चालवलंय असं वाटावं इतकी ती नेटकी होती. ती पाडली होती काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लांबलचक मिशा असलेल्या आशियाई भुंगेऱ्याने. त्याची अळी खोडाच्या आत शिरून लाकूड पोखरत वाढते आणि प्रौढ भुंगेरा बाहेर पडतानाच ते भोक पडतं. म्हणजे भोक दिसेपर्यंत झाडाचं नुकसान झालेलं असतं. औषध फवारून भागत नाही. झाड तोडायचं, त्याचा भुगा करायचा, हाच उपाय. 1998 मध्ये शिकागोतही तो सापडला आणि तिथे दीड हजारांहून जास्त झाडं पाडावी लागली.

हा भुंगेरा अमेरिकेत पोचला तो चीनमधून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून. उत्तर चीनमध्ये वाळवंट रोखण्यासाठी 1978 पासून मोठ्या प्रमाणावर पॉप्लरची लागवड झाली होती. मैलोन्‌मैल एकाच जातीची झाडं मिळाल्यावर भुंगेऱ्याचं फावलं. पोखरलेली झाडं तोडली गेली, आणि असल्या हलक्या लाकडाला गिऱ्हाईक कोण? खोकी आणि पॅलेट बनवणारे. एरवीही पॅकिंगला कुणी उंची लाकूड वापरत नाही. सगळ्यात स्वस्त, सालीसकट आणि ओलं लाकूडच तिथे खपतं, आणि कीड नेमकी त्यातच असते. डिसेंबर 1998 पासून अमेरिकेने चीनकडून येणाऱ्या लाकडी वेष्टनावर प्रक्रिया सक्तीची केली.

त्याआधीचा धडा पाइनच्या झाडांनी दिला होता. पाइनचा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक जंत, मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या पाइनना तो फारसा त्रास देत नाही, पण जपानमध्ये विसाव्या शतकात त्याने पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवली. 1984 मध्ये फिनलंडला उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाच्या चिप्समध्ये तो सापडला आणि युरोप सावध झाला. हा कृमी मारायला किती उष्णता लागते, यावर प्रयोग झाले. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं, हा आजही चालणारा आकडा तिथून आला. तो उपाय लागू होऊनही 1999 मध्ये पोर्तुगालमध्ये हा कृमी आढळलाच.

प्रत्येक देशाने वेगळा नियम केला तर व्यापार ठप्प होईल, हे तोवर स्पष्ट झालं होतं. 1951 चा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार हाताशी होताच. त्याखाली 2002 मध्ये पंधरावं मानक, आयएसपीएम 15, मंजूर झालं. त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग म्हणजे तपासणीवर विसंबून न राहणं. लाकडाच्या पोटातली अळी बंदरावरच्या अधिकाऱ्याला दिसणार नाही, म्हणून माल निघण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर प्रक्रिया करायची. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि 6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून वगळलं.

भारतात ही व्यवस्था वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. त्यांची मान्यता असल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. एचटी म्हणजे भट्टी. जाड ठोकळ्यांना भोक पाडून गाभ्यापर्यंत सेन्सर बसवतात. सगळ्यात थंड सेन्सरने 56 गाठल्यावरच 30 मिनिटं मोजायला सुरुवात होते. लाकूड ओलं असेल तर तिथवर पोचायलाच तास लागतात, आणि घाई होते ती इथेच. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. तापमान 21 अंशांच्या वर असेल तर सुरुवातीला घनमीटरला 48 ग्रॅम आणि मुदत 24 तास.

या वायूचं दुखणं वेगळं आहे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून 1992 मध्ये तो माँट्रियल कराराच्या कक्षेत आला. किडी रोखण्यासाठीच्या वापराला सूट मिळाली, तरी युरोपीय संघाने 2010 पासून आपल्याकडे तो वापरही थांबवला. 2013 मध्ये मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी तापवण्याची आणि 2018 मध्ये सल्फ्युरिल फ्लोराइडची पद्धत मानकात आली.

2009 च्या सुधारणेत साल काढणं सक्तीचं झालं, कारण प्रक्रियेनंतरही सालीखाली नवी कीड घर करू शकते. साल उरलीच तर पट्टी 3 सेंटिमीटरहून अरुंद हवी, किंवा तुकड्याचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटरच्या आत हवं.

नियमाने कीड संपलेली नाही. अमेरिकेत त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांची तुलना झाली तेव्हा जिवंत कीड असलेल्या वेष्टनांचं प्रमाण 36 ते 52 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. माझ्या मते उरलेली गळती मुख्यतः घाईत उरकलेल्या भट्ट्यांतून आणि जुन्या पॅलेटच्या दुरुस्तीतून होते. एक तृतीयांशापर्यंत फळ्या बदलल्या तर ती दुरुस्ती, आणि नवी फळी प्रक्रिया केलेलीच हवी. त्याहून जास्त बदलल्या तर जुने शिक्के कायमचे घासून काढायचे, पॅलेट पुन्हा भट्टीत घालायचं आणि मगच नवा शिक्का मारायचा.